पत्र्यावर वाचवा, पट्ट्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या बाजूला आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवर गाड्या पळवणाऱ्या पोरांची बातमी आपल्या अंकात आली. त्यावर वाचकांची पत्रंही आली. पोरांना आत घाला, गाड्या जप्त करा, आईबापांना चौकीवर बोलवा, असा सगळ्यांचा सूर. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी विनापरवाना शर्यत लावली तर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरची ही शिक्षा आहे आणि माझ्या मते ती कमीच आहे. पण एका पत्रात "भंगारातल्या गाड्या उचलून रेसिंग करणारी टोळकी" असे शब्द होते. ते वाचून मी लिहायला बसलो, कारण भंगारातली अशी एक गाडी मी स्वतः उभी केली आहे. माझ्या भाच्यासाठी. ती रस्त्यावर कधीच आली नाही आणि येणारही नाही.

मी शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षं डेंटिंगचं काम करतो. ठोकलेली गाडी माझ्यापुढं आली की पत्रा बघायच्या आधी मी सीलर बघतो. पत्र्यांच्या जोडांवर कंपनीनं लावलेला हा लेप कुठं फाटलाय, रंगाची खपली कुठं उडालीय, यावरून धक्का कुठून आत शिरला आणि कुठपर्यंत गेला ते कळतं. चेपलेला पत्रा सगळ्यांना दिसतो. धक्क्याची वाट शोधावी लागते.

भाचा शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, काम करतो. वय चोवीस. लहानपणापासून गाड्यांचा नाद. कोल्हापुरात नाद कुणाला नाही? कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला बैलगाडीचा. याला चारचाकी पळवायचा. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही आपल्या गावची पोरं मोठ्या ट्रॅकवर उतरली. कृष्णराज तर इंग्लंडमध्ये फॉर्म्युला ३ चालवून आला. इथं कार्टिंगचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांचा, ट्रॅक झाला. ते बघत वाढलेली ही पिढी आहे. पण त्या खेळाचा खर्च ऐकला की सीएनसी ऑपरेटरच्या पगारातला माणूस मागं सरतो. मागं सरला की रात्री मित्राची गाडी घेऊन हायवेला जातो. माझा भाचाही दोनदा गेला होता. त्यानं स्वतः मला सांगितलं, म्हणून लिहितो.

मग तो म्हणाला, "मामा, ठोकलेली गाडी स्वस्तात घेऊ. तू सरळ करून दे. मी फक्त ट्रॅकवर चालवीन." मी नाही म्हटलं. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, हे ऐकून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या गॅरेजवर आली आणि म्हणाली, "त्यो कुठनं तरी करून घेणारच. दुसऱ्या कुणाच्या हातनं होण्यापेक्षा तुझ्या हाताखालनं जाऊ दे. मला झोप तरी लागंल." त्यानंतर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

पहिली गाडी त्यानं दाखवली ती मी परत पाठवली. स्वस्त होती आणि वरून छान दिसत होती. जॅकवर चढवली, टॉर्च घेऊन खाली झोपलो, तर उजव्या बाजूच्या चेसिसच्या पायाला, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचा भार पेलणाऱ्या खालच्या दांड्याला, स्टिअरिंगच्या रॅकजवळ, घडी पडलेली. कागदाला पडते तशी धारदार. आमच्या कामात एक नियम आहे: पत्रा वाकला असेल तर सरळ करा, घडी पडली असेल तर बदला. घडीच्या जागी लोखंड आतून थकलेलं असतं. सरळ केलंत तरी पुढच्या धक्क्याला ते तिथंच दुमडतं. गॅसनं लाल करून सरळ करणारे पुष्कळ आहेत. जुन्या जाड पत्र्याच्या ट्रकला ते एकवेळ चालून जाईल, पण अलीकडच्या गाड्यांच्या पायात जो कडक पत्रा असतो तो तापवला की त्याची ताकद जाते. बाहेरून ते कुणालाच दिसत नाही. पाय बदलायचा तर खर्च गाडीच्या किमतीपलीकडं. म्हणून ती सोडली.

दुसरी मिळाली ती २००४ ची मारुती एस्टीम. मालक शिक्षक. गाळपाच्या हंगामात रात्री कागलकडून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. ट्रॉलीला मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबत असलेली. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस अशा ट्रॉल्यांमागून जीव मुठीत धरून येतो. रिफ्लेक्टर पट्टीची किंमत किती आणि एका गाडीची, एका माणसाची किंमत किती! त्यावर वेगळं पत्र लिहीन. गुरुजींनी पट्टा लावला होता म्हणून मनगटावर निभावलं. गाडीला विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळं स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाही. भरपाईचा विमा असता तरी ही गाडी टोटल लॉसमध्येच गेली असती, कारण दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्त करून देत नाही. गाडी दारात उभी राहून गंजण्यापेक्षा बरं म्हणून गुरुजींनी अठ्ठावीस हजारांना दिली.

एस्टीम का, तर ती हलकी. ८७५ किलोच्या आसपास. १२९८ सीसीचं इंजिन, ८५ हॉर्सपॉवर. आपल्या देशात फॉर्म्युला एलजीबी ४ म्हणून एका सीटची जी शर्यतीची गाडी आहे, तिच्यातही मारुतीचंच १.३ लिटरचं इंजिन बसवलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवरच्या मिस्त्रींना हे इंजिन पाठ आहे आणि सामान मिळतं. एस्टीमला एअरबॅग नाही, एबीएस नाही, सेन्सरचं जंजाळ नाही. ठोकलेली नवी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं. दोन एअरबॅगा फुटलेल्या असतील, धडकेत पट्टा आवळणारे प्रीटेन्शनर उडालेले असतील, तर त्या गाडीचं खरं बिल अजून तुमच्यापुढं आलेलंच नाही.

ट्रॉलीचा मागचा दांडा उंच असतो. त्यामुळं गुरुजींच्या गाडीचं बंपर जवळपास शाबूत आणि बॉनेटची मात्र घडी झालेली. रेडिएटर पत्रा मागं गेला, रेडिएटर पंख्यात घुसला, डावा हेडलाइट, डावं मडगार्ड गेलं. खालचे दोन्ही पाय सरळ. काचेच्या बाजूचे खांब सरळ. पण डावीकडं शॉकअप ज्या बुरुजात वर अडकतो, त्या बुरुजाच्या मुळाशी सीलर फाटलं होतं. नखानं खरवडलं तर खपली निघाली आणि खाली चकचकीत नवा चिरा. आजूबाजूचे सहा स्पॉट वेल्ड सुटलेले. भाचा म्हणाला, "मामा, एवढंसं तर आहे." मी त्याच्या हातात टेप दिला.

डाव्या बुरुजाच्या बोल्टच्या मध्यापासून उजवीकडं फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरच्या, भोकाच्या मध्यापर्यंत एक तिरकं माप. मग उजव्या बुरुजापासून डाव्या भोकापर्यंत दुसरं. गाडी सरळ असेल तर दोन्ही मापं सारखी यायला हवीत. चौदा मिलिमीटरचा फरक आला. सीएनसीवर शंभरांश मिलिमीटरसाठी भांडणारा पोरगा गप्प झाला. चौदा मिलिमीटर म्हणजे डावं चाक वरून आत झुकलेलं. अलाइनमेंटवाला खाली टो, म्हणजे चाकांची आत-बाहेरची दिशा, जुळवून देईल, गाडी सरळ पळतेय असं वाटेल, टायर आतून खाल्लं जाईल आणि वेगात वळण घेतलं की डावी-उजवी दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागेल.

तो बुरूज ओढायला मला दोन दिवस लागले. जमिनीत गाडलेल्या हुकाला गाडी चारी बाजूंनी बांधली, बुरुजाला पट्टी बोल्टनं आवळली, साखळी लावली आणि पुलरनं थोडं थोडं ताणत गेलो. लोखंडाला आठवण असते. मापावर आणून सोडलं की ते परत पाच-सहा मिलिमीटर मागं जातं. म्हणून मापाच्या थोडं पुढं ओढायचं, ताण तसाच धरायचा आणि आजूबाजूला लाकडी ठोकळा ठेवून हातोड्यानं हलकं हलकं ठोकत राहायचं. आवाज बदलतो. ताणलेला पत्रा टणटण वाजतो, ताण बसला की आवाज बोजड होतो. भाच्याला मी डोळे मिटून ऐकायला लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला तो फरक कळायला लागला. बुरुजाभोवतीचा आतला फाटका पत्रा, म्हणजे ॲप्रन, निम्मा कापून काढला आणि तशाच दुसऱ्या गाडीचा चांगला तुकडा सीओटू वेल्डिंगनं बसवला. जिथं कंपनीचा स्पॉट होता तिथंच भोक पाडून टाका भरला. शेवटी दोन मापांत दोन मिलिमीटरचा फरक उरला. तो मी मान्य केला.

बाकी बॉडीचं काम पटकन सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. बॉनेट, मडगार्ड, दोन हेडलाइट, रेडिएटर पत्रा हे सगळं जुनं सामान, काही इथलं, काही मुंबईच्या कुर्ल्यातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांतून. साडेनऊ हजार. रेडिएटर नवा, तीन हजार दोनशे. बॉनेट पांढरं, गाडी निळी. रंग लावला नाही. वेल्डिंगच्या जागी गंज लागू नये म्हणून तेवढा प्रायमर. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, एक चमचाभर नाही. जुन्या बॉनेटच्या लॉकवर भरवसा नको म्हणून वरून दोन पिना बसवल्या. त्या आमच्या शेजारच्या लेथवाल्यानं दीड तासात कातून दिल्या. उद्यमनगरात राहण्याचा हा फायदा. ज्या गावानं ऑइल इंजिनं आणि शेतीपंप घडवले, फौंड्र्या उभ्या केल्या, त्या गावात गाडीची कुठलीही वस्तू अडत नाही. म्हणूनच इथं स्वस्तात गाडी उभी करणं शक्य आहे आणि म्हणूनच ते धोक्याचंही आहे.

धोक्याचं अशासाठी, की आमच्यातला प्रत्येक जण काहीही करून देऊ शकतो. एका पोरानं मला रोल केज दाखवला, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवायचा नळ्यांचा सांगाडा. पाण्याच्या पाइपलाइनचा पाइप, वाकवून, टाके घालून, वर काळा रंग. दिसायला रुबाबदार. शर्यतीच्या नियमांत केजसाठी थंड ओढलेली, बिनजोडाची नळी लागते. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, बाकीच्या नळ्या ३८ मिलिमीटरच्या, जाडी तेवढीच. पाण्याच्या पाइपाला लांबीभर शिवण असते. गाडी उलटली की तो शिवणीवर उसवतो आणि आत बसलेल्या माणसाकडं टोक करतो. त्यात ती गाडी तो रस्त्यावर चालवतो, हेल्मेट न घालता. म्हणजे साध्या ठोकरीतसुद्धा डोकं जाऊन लोखंडी नळीवर आदळणार. मी त्याला म्हटलं, हा काढून टाक, नसलेला बरा. आमच्या एस्टीमला केज नाही. ज्या सराव दिवसाला आम्ही गेलो तिथं बंद टपाच्या गाडीला त्याची सक्ती नव्हती. पुढं खऱ्या शर्यतीत उतरायचं झालं तर योग्य नळीचा, योग्य माणसाकडून करून घेऊ. नाहीतर नाही.

आता पट्टा. गुरुजींचा जीव ज्या पट्ट्यानं वाचवला तो भाच्याला तसाच ठेवायचा होता. बरोबर आहे, बघायला नवाकोरा. मी तो पूर्ण बाहेर ओढला आणि उन्हात धरला. खांद्याजवळच्या कडीतून जिथून तो सरकला होता, तिथं चार बोटांची एक पट्टी चमकत होती, प्लास्टिक वितळून पुन्हा थिजावं तशी. धडकेच्या क्षणी सगळ्या अंगाचा भार त्या कडीवर आला आणि घर्षणानं धागे भाजले. तिथं बोट फिरवलं तर कागदासारखं कडक लागतं. पट्टा एकदाच काम करतो. ताणलेला धागा परत पहिल्यासारखा होत नाही. मी तो कापून गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय. कुणी जुना पट्टा मागायला आला की त्याला तिथं हात लावायला सांगतो.

नवीन, चार ठिकाणी अडकणारा पट्टा आणि त्याच्यासाठी पक्की सीट, मिळून एकतीस हजार गेले. पट्टा कुठं अडकवायचा हेही महत्त्वाचं. खांद्यावरच्या पट्ट्या मागं जवळपास आडव्या जायला पाहिजेत. त्या सीटमागून सरळ खाली जमिनीला बांधल्या, आणि पोरं नेमकं तसंच करतात, तर धडकेत पट्टा माणसाला खाली दाबतो आणि मार मणक्याला बसतो. आम्ही मागं आडवी नळी घातली आणि तिला पट्ट्या बांधल्या. तिच्या दोन्ही टोकांना गाडीच्या पत्र्यावर आतून जाड प्लेट दिली, कारण नुसत्या पत्र्यातून बोल्ट लोण्यासारखा उपसून येतो.

ब्रेकला सात हजार सहाशे. डिस्क, पॅड, मागचे व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं नवं. ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं. गावातल्या वापरात पोरांना ऑइल बदलायचं माहीतच नसतं. ते हवेतलं पाणी पीत जातं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ तर २३० पर्यंत, पण पाणी प्यायलेलं डॉट ३ जेमतेम १४० अंशांना उकळू शकतं. रंकाळ्याभोवती तेवढं तापत नाही. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत तापतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते आणि पॅडल जमिनीला टेकतं. तेव्हा पुढं वळण असतं.

शॉकअपची जोडी, खालचे आर्म, टाय रॉड मिळून आठ हजार चारशे. टायर चार, चौदा हजार आठशे. एका दुकानात "नवीन" म्हणून स्वस्तात मिळणारे टायर मी परत दिले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यावर १११७ होतं. म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. कधी न वापरलेलं असलं तरी रबर म्हातारं झालेलं. हेल्मेट सात हजार. भाच्याकडं मोटारसायकलचं होतं, पण ते एकदा पडलेलं. आतला थर्मोकोल एकदाच दबतो.

हिशेब करा. गाडी अठ्ठावीस हजार. पत्रा आणि रेडिएटर बारा हजार सातशे. चाकं, ब्रेक, सांधे तीस हजार आठशे. सीट, पट्टा, हेल्मेट अडतीस हजार. सगळे मिळून एक लाख नऊ हजार पाचशे. माझी मजुरी त्यात नाही. बाहेर केलं असतं तर आणखी चाळीसेक हजार धरा. मोबाइलवर "पन्नास हजारांत ट्रॅक कार" बघून येणाऱ्या पोरांना मी हा कागद दाखवतो. तेही पन्नास हजारांत करतात. पत्रा, रंग, मोठं सायलेन्सर, चकचकीत रिम यांवर ते पन्नास जातात आणि पट्टा गुरुजींचाच राहतो.

आता कागदपत्रांचं. गाडी कायमची वापरातून गेली तर मालकानं चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवायचं, असं कलम ५५ सांगतं. गुरुजींना बरोबर घेऊन आम्ही आरटीओत गेलो आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. नंबरप्लेटा काढल्या. भाच्याचे मित्र हसले, "कशाला? उद्या विकायला येईल की." त्यासाठीच.

कारण तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एक बाई गाडी घेऊन आल्या. ब्रेक मारला की डावीकडं ओढते, एवढीच तक्रार. सहा महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याकडून "अपघात नसलेली" म्हणून घेतलेली, पांढरी, लख्ख. मी कापडात गुंडाळलेला लोहचुंबक मडगार्डवरून आत ॲप्रनवर फिरवला. एका जागी तो चिकटेना, निसटून माझ्या हातात आला. खरवडत गेलो तर बोटाच्या पेराएवढी लांबी. लांबीखाली फाटलेला पाय, त्याला घातलेले चार टाके आणि टाक्यांच्या मध्ये मोकळी भेग. डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण डिंकानं चिकटवलेलं. आत एअरबॅग नव्हती. तिच्या वायरींना एक रेझिस्टन्स जोडलेला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटावं की एअरबॅग आहे आणि मीटरवरचा लाल दिवा लागू नये. बाईंनी विचारलं, "म्हणजे एवढे दिवस मी मुलांना शाळेत यातनं सोडत होते?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

तो पाय कुणीतरी माझ्यासारख्याच माणसानं जोडला होता. हातोडा धरता येणाऱ्या माणसानं. मला राग येतो तो त्याचा. रात्री गाड्या पळवणारी पोरं निदान स्वतः आत बसलेली असतात. त्यांनी रस्त्यावर दुसऱ्याला मारलं तर ती गुन्हेगारच. पण टोटल लॉसची गाडी लांबी भरून, रेझिस्टन्स जोडून शिक्षिकेला, नर्सला, शेतकऱ्याला विकणाऱ्यावर आपल्याकडं कुणी पत्र लिहीत नाही. टोटल लॉस गाडीचं नुसतं आरसी बुक विकत घेऊन तो नंबर चोरीच्या गाडीला लावणाऱ्या टोळ्याही पोलिसांनी अनेक ठिकाणी पकडल्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडं किती गाड्या पाण्याखाली होत्या ते सगळ्यांना आठवतं. गाडी विकत घेणाऱ्यानं मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का, एवढं तरी बघावं. गालिचा धुतात, पट्टा कुणी उलगडून धूत नाही.

भाचा जानेवारीत कोइमतूरला गेला. गाडी ट्रकवर घालून. करी मोटर स्पीडवे, दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा ट्रॅक. मीही गेलो. तिथं गाडी आत सोडण्याआधी तपासणी असते. एक वयस्क गृहस्थ होते, तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलणारे. त्यांनी माझा बुरूज बघितला, वेल्डिंगवर अंगठा फिरवला आणि मान हलवली. मला बरं वाटलं. पट्टा ओढून बघितला, चाकं हलवून बघितली, ब्रेकच्या होजा बघितल्या. मग त्यांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरून वर उचलली, आणि ती उचलली गेली. क्लॅम्पचा एक आटा घसरला होता. आम्ही तो बघितलाच नव्हता. चार महिने गाडीवर घातले, मी एकतीस वर्षं या कामात, आणि बॅटरी सुटी. गाडी उलटली असती तर बॅटरी इंजिनावर पडून आग लागू शकली असती. त्यांनी कागदावर फुली मारली आणि बाजूला व्हायला सांगितलं. ना रागावले, ना हसले. पेठेत जाऊन नवा क्लॅम्प आणला, बसवला, परत रांगेत उभे राहिलो. त्यांनी परत उचलून बघितली. मग सोडलं.

दिवसभरात पंधरा पंधरा मिनिटांच्या चार पाळ्या मिळाल्या. भाचा किती वेगानं गेला ते मी विचारलं नाही. दुसऱ्या पाळीनंतर तो स्वतःहून दोन फेऱ्या आधी आत आला, पॅडल थोडं खोल जातंय म्हणून. गाडी गार होऊ दिली. घरी आल्यावर टेप लावला. तेच दोन मिलिमीटर. टायर आतून-बाहेरून सारखे झिजलेले. त्या दिवसानंतर तो हायवेला गेलेला नाही. ट्रॅकवर जाऊन आलेल्याला हायवे मिळमिळीत लागतो, असं तो म्हणतो.

संपादक महोदय, माझं मागणं या बॅटरीपाशी आहे. ज्यानं गाडी केली त्यानंच ती पास करू नये. दुसरा डोळा पाहिजे. आपल्या गावात तालमी आहेत. हौद्यात उतरण्याआधी माती चाळून तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल घालतात, जोड कुणाशी लावायची ते वस्ताद ठरवतो. खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, म्हणून कुस्ती गल्लीत होत नाही. बैलगाडी शर्यतीलासुद्धा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि तेव्हापासून परवानगी, डॉक्टर, हद्द सगळं ठरवून शर्यती होतात. मग चारचाकीच्या नादाला जागा आणि वस्ताद का मिळू नयेत? ज्यांच्याकडं ट्रॅक आहे, ज्यांच्याकडं मोकळी बंदिस्त जागा आहे, त्यांनी महिन्यातून एक सकाळ हौशी पोरांना परवडेल अशा फीमध्ये द्यावी. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना तपासणीला बसवावं, त्यांचंही शिक्षण होईल. रुग्णवाहिका उभी असावी. पोलिसांनी रात्री पकडलेल्या पोराला दंड करावाच आणि त्या सकाळचा पत्ताही द्यावा. ज्यांच्याकडं गाडीलाही पैसे नाहीत त्यांनी आधी कार्ट चालवावी. तिथं चूक केली तर बहुतेक वेळा टायरच्या भिंतीला लागून माणूस उठून उभा राहतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर माझ्यापुरतं लिहितो. ज्या पोरांनी ठोकलेली गाडी घेतलीय किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी रविवारी सकाळी आठ ते अकरा माझ्याकडं आणावी. रस्त्यावरून चालवत नाही, टो करून. गाडी घ्यायच्या आधी आणली तर जास्त बरं. मी पैसे घेणार नाही. तिरकी मापं घेऊन देतो, पाय बघतो, पट्टा उन्हात धरतो, बॅटरी उचलून बघतो. रस्त्यावर चालवायची असेल तर मात्र मी हात लावणार नाही, आणि विकायची असेल तर घेणाऱ्यालाही बरोबर आणावं. माझं नाव आणि गॅरेजचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे. छापू नये, पण विचारत येणाऱ्याला आपल्या कार्यालयातून जरूर द्यावा. येताना हेल्मेट घेऊन या, तेही बघायचं आहे.

आपला नियमित वाचक,
एक डेंटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर